कॅमेरा घ्यायला पैसे नव्हते, म्हणून कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी कॅमेराच बनवला

दिवाळीचा सेल लागला की कॅमेरा घेणाऱ्यांची गणितं सुरू होतात. समजा कॅमेरा ६० हजारांचा आहे. त्यावर सेलची १० टक्के सूट, म्हणजे ५४ हजार. मग बँकेच्या कार्डावर आणखी १० टक्के, म्हणजे ४८,६००. जुना कॅमेरा एक्स्चेंजला दिला, त्याचे ६ हजार वजा. वर कॅशबॅक. एवढ्यावर न थांबणारे लोक दुसऱ्या साइटवरच्या कमी किमतीचा स्क्रीनशॉट काढतात, तो घेऊन ओळखीच्या दुकानात जातात आणि तेवढ्यालाच द्या म्हणून अडून बसतात. शेवटी ६० चा कॅमेरा ४० च्या घरात पडतो आणि आठवडाभर ग्रुपवर त्याचंच कौतुक चालतं.

आता हेच गणित १९१३ सालच्या कोल्हापुरात करून बघा.

सिनेमाचा कॅमेरा भारतात बनतच नव्हता. तो यायचा विलायतेतून, बोटीनं. किंमत ठरायची पौंडात किंवा गिनीत, त्यावर बोटीचं भाडं आणि जकात. दोन दुकानदारांत भाव लावून घ्यावा तर दुकानंच नाहीत. मुंबईच्या सावेदादांनी, म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकरांनी, १८९६-९७ च्या सुमारास इंग्लंडहून कॅमेरा मागवला तेव्हा त्याला २१ गिनी पडल्या होत्या. त्या काळच्या हिशोबानं ही रक्कम सव्वातीनशे रुपयांच्या आसपास जाते. (त्या कॅमेऱ्यानं १८९९ साली त्यांनी मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये एक कुस्ती टिपली. देशातल्या अगदी सुरुवातीच्या चित्रीकरणांत कुस्ती असावी, ही गोष्ट कोल्हापूरकरांना आवडेल.) दादासाहेब फाळक्यांनी तर १९१२ साली विम्याची पॉलिसी तारण ठेवून लंडन गाठलं आणि तिथून विल्यमसन कंपनीचा कॅमेरा आणला.

कोल्हापुरातल्या दोन मेस्त्री भावांकडे मात्र तारण ठेवायला फारसं काही नव्हतं. त्यांच्याकडे होते ब्रश, पटाशी, कानस आणि प्रचंड चिकाटी.

त्यातल्या धाकट्याचं नाव बाबूराव कृष्णराव मेस्त्री. जन्म ३ जून १८९०, कोल्हापूरचाच. घरात सुतारकी आणि कोरीवकामाची परंपरा, त्यामुळे हत्यारं हातात लहानपणापासूनच आली. चित्रकलेच्या शाळेत जाऊन शिकले नाहीत. बघत बघत, करत करत तयार झाले. त्यांना साथ होती चुलतभाऊ आनंदरावांची. आनंदराव वयानं मोठे, चित्रात पक्के, आणि यंत्रांचं वेड तर बाबूरावांपेक्षाही जास्त.

दोघांचा मुख्य धंदा होता नाटकाचे पडदे रंगवण्याचा. संगीत नाटकांचा तो भरभराटीचा काळ. नाटकात राजवाडा, जंगल, रस्ता, देऊळ असं जे काही दिसायचं ते मागच्या कापडावर रंगवलेलं असायचं. पडदा चांगला असेल तर प्रेक्षक पडद्यालाच टाळ्या द्यायचे. कोल्हापूरच्याच केशवराव भोसल्यांच्या ललितकलादर्श मंडळीसाठी या भावांनी पडदे केले. पुढे मुंबईच्या गुजराती-पारशी नाटक कंपन्यांपर्यंत नाव गेलं. १९१० ते १९१६ या काळात पश्चिम भारतात पडदा रंगवावा तर या दोघांनी, अशी ख्याती झाली. मेस्त्री आडनाव मागे पडलं आणि लोक त्यांना पेंटर म्हणायला लागले.

३ मे १९१३ ला मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरात फाळक्यांचा राजा हरिश्चंद्र लागला. या भावांवर त्या सिनेमाचा जबर परिणाम झाला. इतकी वर्षं आपण कापडावर स्थिर जंगल रंगवत होतो आणि इथं कापडावरचं जंगल हलतंय, हे बघून चित्रकाराला काय वाटलं असेल याचा अंदाज करता येतो. त्या दिवसांपासून दोघं सिनेमाच्या नादाला लागले.

पण कॅमेरा?

इथं या भावांनी जे केलं ते आजच्या भाषेत जुगाड म्हणावं असं आहे. मुंबईच्या जुन्या बाजारातून त्यांनी एक वापरलेला प्रोजेक्टर घेतला. सिनेमा काढायचं यंत्र परवडत नाही, तर निदान दाखवायचं यंत्र तरी घेऊ. त्यावर दुसऱ्यांचे सिनेमे दाखवायचे, तिकिटाचे चार पैसे मिळवायचे आणि शो संपला की यंत्र उघडून बघत बसायचं.

ही निवड फार हुशारीची होती. कारण प्रोजेक्टर आणि कॅमेरा ही सख्खी भावंडं आहेत.

जरा समजून घेऊ. सिनेमाची फीत ३५ मिलिमीटर रुंद. तिच्या दोन्ही कडांना भोकं, एका चित्राला प्रत्येक बाजूनं चार. मूकपटाच्या काळात सेकंदाला साधारण १६ चित्रं जायची आणि एका फुटात बरोबर १६ चित्रं बसतात, म्हणजे दर सेकंदाला एक फूट फीत सरकायची. पण ती सरळ सरकून चालत नाही. प्रत्येक चित्र भिंगासमोर क्षणभर पूर्ण थांबलं पाहिजे, मग झाकण मिटलं पाहिजे, मिटलेलं असतानाच फीत एक घर पुढे गेली पाहिजे, आणि मग पुन्हा थांबलं पाहिजे. हे सेकंदाला १६ वेळा, हातानं दांडा फिरवून. प्रोजेक्टरमध्ये हेच घडतं आणि कॅमेऱ्यातही हेच. फरक इतकाच की एकात आतून उजेड बाहेर जातो आणि दुसऱ्यात बाहेरचा उजेड आत येतो. फ्रान्सच्या ल्युमिएर बंधूंनी १८९५ साली जे यंत्र आणलं ते तर चित्र घ्यायचं, प्रत काढायची आणि दाखवायचंही काम एकटंच करायचं.

म्हणजे जुन्या बाजारातला प्रोजेक्टर हे या भावांसाठी कमाईचं साधन होतं आणि पाठ्यपुस्तकही होतं. कॅशबॅक म्हणायचा तर हा खरा.

पण पुस्तक वाचणं वेगळं आणि पेपर सोडवणं वेगळं. ३५ मिलिमीटरच्या फितीवरचं चित्र सुमारे २४ मिलिमीटर रुंद असतं. ते दहा फुटी पडद्यावर टाकलं की सव्वाशेपट मोठं होतं. कॅमेऱ्यात फीत केसभर, म्हणजे एक दशांश मिलिमीटर जरी इकडेतिकडे थांबली, तरी पडद्यावर चित्र सेंटिमीटरभर उडी मारतं. दात, चाकं, फीत ओढणारा आकडा, झाकण, सगळं एकमेकांशी तंतोतंत जुळायला हवं. वर पेटी अशी पाहिजे की आत उजेडाचा कणही शिरता कामा नये. कारखान्यात यासाठी अचूक यंत्रं असतात. कोल्हापुरात होतं ते मेस्त्रीकाम, आणि नजर.

त्यात १९१४ ला पहिलं महायुद्ध पेटलं. युरोपातून येणाऱ्या मालाचे हाल सुरू झाले. कॅमेरा आयात करणं आधीच अवघड होतं, ते आता आणखी लांब गेलं.

आणि १९१६ मध्ये आनंदराव गेले.

कॅमेरा अर्धवट होता. ज्यांचं डोकं यंत्रात सगळ्यात जास्त चालायचं तेच राहिले नव्हते. बाबूराव तेव्हा २६ वर्षांचे. पडद्यांचं काम चालू होतं, त्यावर पोट भागत होतं. हा नाद सोडून दिला असता तरी कुणी नावं ठेवली नसती. अर्ध्यात सोडलेले असे कितीतरी प्रयोग गावोगावच्या माळ्यांवर धूळ खात पडलेले असतात.

बाबूरावांनी सोडला नाही. त्यांच्याकडे चित्रकला शिकायला आलेला एक शिष्य होता, मूळचा कोकणातल्या पेणचा. नाव विष्णुपंत दामले. बाबूरावांपेक्षा दोन वर्षांनी लहान, स्वभावानं अबोल, पण हातात कुठलंही यंत्र द्या, त्याची नस सापडायची. गुरू-शिष्य मिळून पुन्हा कामाला लागले. आणखी दोनेक वर्षं गेली आणि १९१८ मध्ये कॅमेरा चालला.

देशी बनावटीचा पहिला सिनेकॅमेरा म्हणून या यंत्राकडे बोट दाखवलं जातं. सेलमध्ये पाच मिनिटांत कार्टमध्ये पडणारी वस्तू मिळवायला या माणसांना जवळपास पाच वर्षं लागली आणि एक भाऊ त्यात गमवावा लागला. स्वस्तात पडला की महागात, ते ज्यानं त्यानं ठरवावं.

कॅमेरा झाला म्हणून सिनेमा होत नाही. कच्ची फिल्म तर विलायतेतूनच आणावी लागायची. ती भारतात बनायला लागली ती स्वातंत्र्यानंतर कितीतरी वर्षांनी. जागा, माणसं, कपडे, रसायनं, सगळ्याला पैसा लागतो. हा पैसा उभा करण्यात मोठा वाटा उचलला तो गायिका तानीबाई कागलकर यांनी. एका बाईनं, तेही गाण्यातून मिळवलेला पैसा, सिनेमासारख्या बेभरवशाच्या धंद्यात घालावा, ही त्या काळात लहान गोष्ट नव्हती. सिनेमाच्या इतिहासात तानीबाईंचं नाव एका ओळीत उरकतं, ते बरोबर नाही. राजर्षी शाहू महाराजांचा कलावंतांना आश्रय होताच, तोही कामाला आला. अशी महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली.

कंपनीचा पहिला चित्रपट सैरंध्री. अज्ञातवासातली द्रौपदी आणि कीचकवधाची गोष्ट. बायका सिनेमात काम करायला तयार नसायच्या. फाळक्यांच्या हरिश्चंद्रात तारामतीही पुरुषानंच केली होती. बाबूरावांनी मात्र गुलाबबाई आणि अनसूयाबाई या दोघींना घेतलं. त्याची किंमत त्या दोघींना मोजावी लागली. समाजानं त्यांना दूर केलं आणि त्यांना स्टुडिओच्या आवारातच आसरा घ्यावा लागला.

७ फेब्रुवारी १९२० ला पुण्याच्या आर्यन थिएटरात सैरंध्री लागला. भीमानं कीचकाला मारण्याचा प्रसंग इतका खरा वाटायचा की प्रेक्षक हादरले. पुढे सेन्सॉरनं त्यावर कात्री चालवली. लोकमान्य टिळकांनी हा सिनेमा बघितला आणि बाबूरावांना सिनेमा केसरी ही पदवी दिली. त्यानंतर सहाच महिन्यांत टिळक गेले. घरी बनवलेल्या कॅमेऱ्यावर पहिलाच सिनेमा काढणाऱ्या २९ वर्षांच्या पडदे रंगवणाऱ्याला यापेक्षा मोठी पावती कुठली मिळणार?

मग कंपनीत माणसं जमायला लागली. कागलचे साहेबमामा फत्तेलाल हे दामल्यांचे जिवलग, रंग आणि नेपथ्यात तरबेज. व्यवस्थापनाला बाबूराव पेंढारकर. त्यांच्यामागोमाग त्यांचा मावसभाऊ आला, पडेल ते काम करणारा एक पोरगा. नाव शांताराम वणकुद्रे. पुढे व्ही. शांताराम झाला तो हाच. १९२१ च्या सुरेखा हरण मध्ये तो पहिल्यांदा पडद्यावर दिसला.

काटकसर बाबूरावांच्या कामात मुरलेली होती, पण तिला कंजूषपणाचा वास नव्हता. चित्रीकरणाआधी ते प्रसंगांची चित्रं काढून ठेवायचे. पात्र कुठं उभं राहील, कपडे कसे असतील, उजेड कुठून येईल, हे कागदावर आधीच ठरलेलं असायचं. विलायती फिल्मचा फूट न् फूट मोजून वापरायचा असेल तर याहून चांगली पद्धत नाही. पण जिथं खर्च करायला हवा तिथं हात आखडला नाही. स्वतः पडदे रंगवण्यात नाव काढलेल्या या माणसानं सिनेमात मात्र रंगवलेले पडदे टाळून खरेखुरे उभे सेट लावले. १९२३ च्या सिंहगड मध्ये विजेचे दिवे वापरून रात्रीचे प्रसंग घेतले. त्या सिनेमाला अशी गर्दी उसळली की ती बघूनच सरकारला करमणूक कर सुचला, असं सांगितलं जातं. म्हणजे तिकिटावरच्या टॅक्सबद्दल कुणाला बोल लावायचा असेल तर बोट कोल्हापूरकडे वळतं.

जाहिरातीतही डोकं. सिनेमाची माहिती आणि फोटो असलेल्या पुस्तिका, हातानं रंगवलेली मोठी पोस्टरं. १९२४ च्या कल्याण खजिना चं त्यांनी केलेलं पोस्टर आपल्याकडच्या सगळ्यात जुन्या चित्रमय पोस्टरांत गणलं जातं.

आणि मग आला १९२५ चा सावकारी पाश.

तोवर सिनेमा म्हणजे देव, दानव आणि राजे. बाबूरावांनी नारायण हरी आपटे यांच्या गोष्टीवरून एका शेतकऱ्याचा सिनेमा काढला. सावकाराच्या कर्जात त्याची जमीन जाते, तो शहरात जाऊन गिरणी कामगार होतो, एवढंच कथानक. शेतकऱ्याच्या भूमिकेत शांताराम. अंधारी झोपडी, बाहेर रडणारं कुत्रं, असले प्रसंग पाहून लोकांच्या अंगावर काटा यायचा. पण हे सगळं बघायला प्रेक्षकांनी फार गर्दी केली नाही. भारतीय सिनेमात वास्तववाद इथून सुरू झाला असं अभ्यासक आज मानतात, तेव्हा मात्र गल्ल्यावर तो चालला नाही. आयुष्यभर उधारी आणि भांडवलाच्या मागं पळालेल्या माणसाला कर्जाची गोष्ट सांगावीशी वाटली, यात नवल नाही. बाबूरावांच्या सगळ्या कामात हाच सिनेमा सगळ्यात मोठा, बाकीचे त्याच्यामागे.

त्यानंतरची गोष्ट उताराची आहे. शिष्य तयार झाले होते. १९२७ चा नेताजी पालकर शांतारामांनी दिग्दर्शित केला, १९२८ चा कर्ण दामले-फत्तेलालांनी. सगळं येत असताना नोकरीत किती दिवस राहणार? १ जून १९२९ ला दामले, फत्तेलाल, शांताराम आणि कॅमेरामन केशवराव धायबर बाहेर पडले, सराफ सीताराम कुलकर्णींना भांडवलाला सोबत घेतलं आणि कोल्हापुरातच प्रभात फिल्म कंपनी काढली. ज्या दामल्यांनी बाबूरावांबरोबर कॅमेरा जुळवला होता, तेही गेले. एका गुरूचं घर एका दिवसात रिकामं झालं असंच म्हणायला हवं.

यात कुणाची चूक शोधत बसण्यात अर्थ नाही. पण हिशोब बघा. पैसे असते आणि बाबूरावांनी विलायती कॅमेरा विकत घेतला असता, तर दामल्यांना तो फार तर चालवता आला असता. उघडून, घासून, जुळवून त्यांना जे कळलं ते विकतच्या पेटीत मिळत नाही. बोलपट आल्यावर प्रभातमध्ये आवाजाचं यंत्र सांभाळलं ते दामल्यांनीच. १९३६ चा त्यांचा आणि फत्तेलालांचा संत तुकाराम १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात गाजला. प्रभात १९३३ मध्ये पुण्याला गेली. तिच्या त्याच आवारात आज एफटीआयआय आहे.

बाबूरावांना मात्र बोलपट मनापासून पटला नाही. आवाज आला की चित्राची भाषा मरेल, अशी त्यांची धारणा होती. १९३० च्या लंकानंतर महाराष्ट्र फिल्म कंपनी फार टिकली नाही, १९३१ च्या सुमारास बंद पडली. पुढे त्यांनी कोल्हापूरच्या शालिनी सिनेटोनसाठी उषा, प्रतिभा असे बोलपट केले, १९३६ मध्ये सावकारी पाश पुन्हा, या वेळी आवाजासह, काढला. १९४७ च्या लोकशाहीर राम जोशीचं दिग्दर्शन सुरू केलं बाबूरावांनी आणि पूर्ण केलं शांतारामांनी. कधीकाळी सेटवर पडेल ते काम करणारा तो पोरगा आता निर्माता होता आणि गुरू त्याच्याकडे कामाला. मधल्या काळात चित्रं आणि शिल्पं चालूच होती. १९५२ चा विश्वामित्र हा शेवटचा सिनेमा. १६ जानेवारी १९५४ ला कोल्हापुरातच ते गेले.

आज कोल्हापुरात मंगळवार पेठेतून मिरजकर तिकटी ओलांडून बिनखांबी गणेश मंदिराच्या बाजूला चालत गेलं की खरी कॉर्नर लागतो. तिथं कॅमेऱ्याचा मानस्तंभ उभा आहे. दरवर्षी १ डिसेंबरला, कंपनीच्या स्थापनादिनी, सिनेमावाले तिथं जमून हार घालतात. मंगळवार पेठेतल्याच जयप्रभा स्टुडिओत पुढे भालजी पेंढारकरांनी कितीतरी चित्रपट काढले आणि पेठेतल्या कित्येक घरांची चूल त्यावर पेटली.

महाराष्ट्र फिल्म कंपनीचे बहुतेक मूकपट आता कुणालाच बघता येणार नाहीत, कारण ती फीत टिकली नाही. १९२५ च्या सावकारी पाशची एकही प्रत शिल्लक नाही. कल्याण खजिनाचं पोस्टर आहे.